शोभाबाईच्या घरचा फ्रिज

ताई,

तुझं घर काल रिकामं झालं. तेराव्यानंतर अमरावतीहून परत निघताना यांना सांगून आले होते की दोन दिवसांत आटपून येते. त्याला आता नऊ दिवस झाले. कपडे वाटून झाले, भांडी झाली, कोर्टाच्या फायली तुझ्या हाताखालच्या वकील मुलीनं नेल्या. घरमालकाला किल्ली तेवढी द्यायची राहिली आहे. तरी मी अजून इथंच आहे. एक गादी आणि पाण्याचा माठ ठेवून घेतला आहे, बाकी खोल्यांमध्ये आवाज घुमतो. अडकले आहे ती एका फ्रिजपाशी, आणि तो फ्रिज तुझ्या घरातला नाहीच.

आजवर असं काही अडलं की मी तुला फोन लावायची. परवा लावायला घेतलाही होता. नंबर दाबताना आठवलं की तुझा फोन माझ्याच पर्समध्ये आहे. म्हणून लिहिते आहे. तू वाचणार नाहीस हे मला कळतं. पण हे तुझ्याखेरीज कुणाला सांगण्यासारखं नाही. यात निम्मी चूक तुझी आहे असं मला वाटतं, आणि उरलेली निम्मी कुणाची ते काही केल्या सापडत नाही.

पहिल्यापासून सांगते.

तू मृत्युपत्र केलं नाहीस. अर्ध्या अकोल्याला दटावून दटावून मृत्युपत्रं करायला लावलीस आणि स्वतःचं मात्र तोंडी. तेही कुठं, तर दिवाळीनंतर मी तुला सोडायला अमरावतीच्या एसटी स्टँडवर आले होते तेव्हा. अकोल्याची गाडी लागली होती. तू पायरीवर एक पाय ठेवून मागं वळलीस.

"शालू, माह्या मांगं माह्यं सामान कोणाच्या माळ्यावर चढवू नोको. चालू हाय तोवर देऊन टाकजो."

"आता काहून असं बोलून राहिली?" मी म्हटलं.

"गाडी सुटून राहिली म्हणून," म्हणालीस, आणि आत जाऊन खिडकीशी बसलीस.

एवढंच. कुणाला द्यायचं ते सांगितलं नाहीस, पण ते सांगायची गरजही नव्हती. लोकांच्या घरातल्या वापरलेल्या वस्तू घेऊन गरजवंतांना देणारी तुझी ती संस्था होती. दर रविवारी तू तिथं जायचीस. लोक मिक्सर आणून देत, कूलर देत, दार सुतळीनं बांधलेले फ्रिज देत. तू एकेक वस्तू प्लगला लावून बघायचीस आणि चालत नसली तर देणाऱ्याच्या हाती परत ठेवायचीस. एका डॉक्टरला तू तोंडावर सांगितलं होतंस, "भंगारवाला तुमच्या गल्लीतून रोज जाते डॉक्टरसाहेब, त्याले द्या." मी शेजारीच उभी होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी येताना मी म्हटलं, अगं निदान गोड बोलून तरी परत करायची. तू म्हणालीस, जो बंद मिक्सर गोड बोलून देते त्याले मी काहून गोड बोलू.

तर तेराव्यानंतर मी संस्थेत फोन केला. वैशालीताई टेंपो घेऊन आल्या. तुला त्या फार मानत असाव्यात, कारण तुझा नियम त्यांनी तुझ्याच घरात पाळला. कूलर लावून पाहिला, मिक्सर फिरवून पाहिला, इस्त्री तापवली. वॉशिंग मशीनसाठी म्हणाल्या, "काहीतरी टाकून फिरवू या का?" बाल्कनीतल्या दोरीवर तुझा टॉवेल होता. तू वाळत घातलेला, तेव्हापासून कुणी काढला नव्हता. त्यांनी तोच टाकला. पाऊण तास आम्ही दोघी त्या मशीनपाशी उभ्या होतो. टॉवेलाला तुझा वास होता. तो धुऊन निघाला, आणि मशीन चालू आहे हे सिद्ध झालं. वैशालीताईंनी कागदावर 'सुस्थितीत' असं लिहिलं आणि माझी सही घेतली. तुझा छोटा फ्रिजही त्यांनी नेला. स्पर्धा परीक्षेच्या मुली राहतात तिथं देतो म्हणाल्या. तुला ते आवडलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात शोभाबाई उभ्या.

मी त्यांना तुझ्या बोलण्यातूनच ओळखत होते. मोर्णा नदीपलीकडे जुन्या शहरात राहतात, फुलं विकतात, नवरा गेल्यावर दिरानं घराबाहेर काढायला घेतलं होतं आणि तू केस लढून दोन खोल्या मिळवून दिल्यास, हे मला पाठ होतं. समोरासमोर भेटलो ते तुला नेलं त्या दिवशी. तुझ्या अंगावरची सगळी शेवंती त्यांनी आणली होती. आणि हेही मला पाठ होतं की चार वर्षांमागं तू स्वतःसाठी लहान फ्रिज घेतलास आणि मोठा, चांगला चालणारा, शोभाबाईंना नेऊन दिलास. संस्थेमार्फत नाही, स्वतः. फुलं रात्रभर टिकतील म्हणून. पुढं आपलं बोलणं कशावरूनही सुरू होवो, त्या फ्रिजवर यायचं. दिलेली वस्तू कशी कामी यावी त्याचं तुझं ते उदाहरण होतं.

"बसा ना," मी म्हटलं. त्या बसल्या नाहीत.

"तुमी वकीलताईचं सामान देऊन राहिल्या म्हने."

"हो. तुम्हाले काही पायजे का?"

"नाई. आमच्या घरचा फ्रिज घेऊन जा म्हनाले आली."

मला वाटलं, बिघडला असेल. "बंद पडला का?"

"बंद नाई पडला," शोभाबाई म्हणाल्या. पदराचं टोक त्यांनी बोटाला गुंडाळलं, सोडलं. "चालूच नोता."

मला समजलं नाही. त्या म्हणाल्या, घरी येऊन पाहा. मी चपला घातल्या आणि त्यांच्याबरोबर निघाले. पूल ओलांडून जुन्या शहरात गेलो. गल्ली इतकी अरुंद की समोरून सायकल आली तर एकानं ओट्यावर चढावं.

घरात त्यांची सून पूजा फुलांचा ढीग पुढ्यात घेऊन हार ओवत होती. बाहेरच्याच खोलीत भिंतीशी तुझा फ्रिज. वर भरतकामाचा स्वच्छ रुमाल, त्यावर प्लॅस्टिकच्या फुलांचा गुच्छ. ज्या घरात ताज्या फुलांचा सडा आहे तिथं प्लॅस्टिकची फुलं, ते मला आधी दिसलं. मग शोभाबाईंनी दार उघडलं.

आत साड्या होत्या. घड्या घालून, एकावर एक, तिन्ही कप्प्यांत. भाजीच्या ट्रेमध्ये नातीची वह्यापुस्तकं. दारात अंडी ठेवायच्या खळग्यांत बांगड्या. आणि वरच्या बर्फाच्या खणात प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेले कोर्टाचे कागद. तुझ्या केसचा निकाल, ताई. तो त्यांनी बर्फाच्या खणात ठेवला होता.

"मीटर एकच हाय," शोभाबाई सांगू लागल्या. "दिराचं अन आमचं. फ्रिज लावला का पयल्याच महिन्यात त्यानं दारात येऊन तमाशा केला. म्हने बिल वाढलं. आता रोज त्याच्याच आंगणातून जाणं-येणं हाय आमचं. मंग काढून ठेवला."

"ताईले सांगायचं ना."

"सांगतलं असतं तर ताईनं मीटरसाठी अजून एक केस टाकली असती."

टाकलीच असतीस.

"अन फुलं?" मी विचारलं.

"फुलं त्यात काळी पडतात. मोगरा तर पारच जाते. आमी आपले ओल्या फडक्यात ठेवतो, पयल्यापासून."

म्हणजे चार वर्षं. तू आषाढात जायचीस, दसऱ्याला जायचीस, अधूनमधून सहज जायचीस. तू येणार असं कळलं की या दोघी साड्या चादरीत बांधून आतल्या खोलीत टाकायच्या. फ्रिज पुसायच्या, प्लग लावायच्या. शेजारच्या घरून थंड पाण्याच्या दोन बाटल्या आणून आत ठेवायच्या, दोन लिंबं, थोडी कोथिंबीर. तू आलीस की पूजा त्यातली बाटली काढून तुला पाणी द्यायची. तू म्हणायचीस, वा. तू उठून गेलीस की प्लग काढायचा आणि साड्या परत आत.

मला हसू आलं की काय आलं ते सांगता येत नाही. तोंडावर हात ठेवून मी खाली बसले.

आणि मग पूजानं ते सांगितलं, ज्यापायी मी इथं अडकले आहे. मागच्या संक्रांतीच्या आदल्या संक्रांतीला तू न कळवता गेलीस. कोर्टातून परस्पर. हातात तिळगुळाचा डबा होता, आणि तू तो स्वतःच ठेवावा म्हणून फ्रिज उघडलास.

"त्यायनं पाह्यलं," पूजा म्हणाली. "दार उघडून उभ्या राह्यल्या. मंग हळूच लावलं. म्हने, तिळगुळ बाहेरच बरा राह्यते."

"काही नाई पाह्यलं," शोभाबाई म्हणाल्या. "चष्मा नोता ताईच्या डोयावर. डबा मोठा होता म्हणून बसला नाई आत."

"आई, मी त्यायच्या तोंडाकडं पाह्यत होती."

"अन मी काय भिंतीकडं पाह्यत होती?"

दोघी माझ्याकडं बघू लागल्या, जणू मी निकाल देणार. मी विचारलं, त्यानंतर ताई कधी आली होती का? आली होती, पूजा म्हणाली, चार-पाच वेळा. पण त्या दिवसापासून नेहमी तासभर आधी फोन करून. पूर्वी कधी करायची, कधी नाही. त्यानंतर एकदाही फोन केल्याशिवाय नाही.

शोभाबाई म्हणाल्या, वय झालं की माणूस फोन करतेच.

ताई, तू पाहिलंस ना?

मी घरी येऊन तुझ्या रिकाम्या खोलीत बसले आणि तारखा जुळवू लागले. ती संक्रांत दोन वर्षांपूर्वीची. आपलं भांडण मागच्या उन्हाळ्यातलं. म्हणजे तू फ्रिज उघडून पाहिल्यानंतरचं. आठवतं ना? मी नवा फ्रिज घेतला आणि जुना दुकानदारानं एक्स्चेंजमध्ये नेला. दहा वर्षांचा होता, पण चालत होता. तुला मी सहज सांगितलं आणि तू फोनवर अशी तापलीस की यांनी आतून विचारलं, कुणाशी बोलतेस. "दुकानदाराले देला? माह्याकडं फ्रिज मागाले बाया रांग लावून राहिल्या अन तू दुकानदाराले देला?" मी म्हटलं, ताई, तुला वाटतं तितकं लोकांना आपल्या जुन्या वस्तूंचं नसतं. आपण देतो आणि वर त्यांनी आनंदी दिसावं म्हणून त्यांच्या घरी जातो. ते मी चिडून बोलले. मला काही माहीत नव्हतं. तुला बोचावं म्हणून बोलले. तू म्हणालीस, "एकदा शोभाच्या घरी जाऊन पाह्य. मंग बोल."

तेव्हा मला वाटलं, ही आपली टिमकी वाजवते आहे. मी फोन ठेवला. अकरा दिवस आपण बोललो नाही, आणि नंतर बोललो ते लोणच्याबद्दल.

आता मला ते वाक्य उलटंसुलटं करून कळेना झालं आहे. जाऊन पाह्य म्हणजे काय पाह्य? तुला माहीत होतं तर मी तिथं जाऊन साड्या पाहाव्यात असं तुला वाटत होतं का? म्हणजे तू मला सांगत होतीस की शालू, तू म्हणतेस तेच खरं आहे, फक्त माझ्या तोंडून निघत नाही? की तुला माहीतच नव्हतं, चष्मा खरंच पर्समध्ये होता, आणि तू नेहमीसारखी हट्टानं बोलत होतीस? का माहीत असूनही तू तुझ्या गोष्टीला धरून राहिलीस, कारण ती मोडली तर शोभाबाई खोट्या ठरल्या असत्या? कोर्टात तू साक्षीदाराला असे तीन प्रश्न लागोपाठ विचारले असतेस आणि तो घामाघूम झाला असता. इथं मीच साक्षीदार आहे आणि मीच घामाघूम.

मला बाबांचा पंखा आठवला. तू कधी त्याचा विषय काढू द्यायची नाहीस, पण आता तू अडवू शकत नाहीस. आपण अचलपूरला होतो, तू बारा-तेरा वर्षांची, मी सात-आठ. बाबा पौरोहित्य करत, आणि लोकांच्या घरी कुणी वारलं की दानात आलेल्या वस्तू आपल्या घरी येत. छत्री, गादी, तांब्या. ती छत्री पावसात उघडायची नसते, ती दानासाठीच बनवलेली असते, हे तूच मला शिकवलं होतंस. परतवाड्याच्या एका शेटजीनं वडिलांच्या नावानं टेबलफॅन दिला. घरात पहिला पंखा आला म्हणून आपण नाचलो. तो फिरेना. बोटानं पातं ढकललं तर कण्हत कण्हत फिरायचा आणि थोड्या वेळानं थांबायचा. शेटजी मुहूर्त विचारायला येत तेव्हा बाबा पंखा स्टुलावर ठेवत, त्यांची चाहूल लागली की पात्याला बोट लावत आणि त्यांना समोर बसवत. तू एकदा बाबांना विचारलंस, "तुमी खोटं काहून बोलून राहिले?" बाबा म्हणाले, "मी काय बोललो? पंखा त्याच्या बापाच्या नावचा हाय. त्याले वाटू दे, फिरून राहिला." तू दोन दिवस बाबांशी बोलली नाहीस.

मला कायम वाटत आलं की तुझं ते रविवारचं प्लग लावून बघणं त्या पंख्यातून आलं. आपल्या हातून कुणाच्या घरी न फिरणारा पंखा जाऊ नये. तू स्वतःचा चालता फ्रिज दिलास तो त्यापायीच. आणि तरीही शोभाबाईंना प्लग लावून बाटल्या ठेवाव्या लागल्याच. तू संक्रांतीला ते दार उघडलंस तेव्हा तुला बाबांचं बोट दिसलं असेल का? म्हणून तू हळूच लावलंस? का आपण त्या शेटजीच्या जागी येऊन बसलो हे तुला कळलं, आणि तुझ्यासारखीला ते सोसणं अवघड गेलं असेल? कधी कधी असंही वाटतं की त्या शेटजीलाही ठाऊक होतं. पंख्यासमोर बसून तोही घाम पुसायचा, हे मला आठवतं आहे की मी आता जोडते आहे, तेही धड कळत नाही.

आणि सगळंच चुकलं म्हणावं तर माझं काय? मी चांदूर रेल्वेला शाळेत नवी नवी लागले होते, भर मे महिन्यात बाळंत झाले. पत्र्याची खोली. बाळाच्या अंगावर घामोळ्यांनी जागा उरली नव्हती. तू एका दुपारी रेल्वेनं आलीस आणि मागं हमालाच्या डोक्यावर तुझा कूलर. मला विचारलं होतंस का, की कूलर पाहिजे का? नाही. आणलास आणि खिडकीत लावून दिलास. बाळ त्या दिवशी पहिल्यांदा सलग चार तास झोपलं. मी सुद्धा. तू स्वतः तो उन्हाळा अकोल्यात कशी राहिलीस हे मी त्या वर्षी विचारलं नाही, पुढंही विचारलं नाही. ताईचं आहे म्हणजे येणारच, असं धरून चालले. आभार मानायचे तर बहिणीचे कुठं मानतात, असं आपल्याकडं म्हणतात म्हणून तेही राहिलं. आता मानते. पण त्यानं हिशोब अधिकच बिघडतो. न विचारता दिलेला कूलर मला जगवून गेला आणि न विचारता दिलेला फ्रिज शोभाबाईंच्या घरी चार वर्षं धाक होऊन उभा राहिला. देणारी तूच, देण्याची तऱ्हा तीच. मग फरक कुठं पडला? तू असतीस तर म्हणाली असतीस, फरक मीटरचा. आणि कदाचित तेवढाच असेलही.

बरं, पुढचं सांगते. शोभाबाईंनी परत न्या म्हटल्यावर मी वैशालीताईंना फोन केला आणि टेंपो बोलावला. मला वाटलं, चालता फ्रिज आहे, कुणाला तरी नक्की लागेल, तू असंच केलं असतंस. टेंपो गल्लीच्या तोंडाशी उभा राहिला, आत येईना. मी आत गेले तेव्हा पूजा फ्रिजमधून एकेक वस्तू काढून चादरीवर ठेवत होती. तोंड फुगलेलं. शोभाबाई पाठमोऱ्या बसून शेवंतीचे देठ खुडत होत्या.

"एवढं सगळं ठेवाचं कुठं ते सांगा आता," पूजा कुणाकडंही न पाहता म्हणाली. "ट्रंकीत उंदरायनं माह्या लग्नाची साडी कुरतडली. यात चार वर्षं एक नख लागलं नाई. पावसाळ्यात घरात पानी आलं, सगळं भिजलं, हे कागद कोरडे राह्यले."

"कागद ट्रंकीत ठेवू," शोभाबाई म्हणाल्या.

"ट्रंकीतच भिजले असते."

"भिजू दे. खोटं किती दिवस ठेवाचं घरात? ताई होती तोवर ठीक. तिच्या जिवाले बरं वाटे. आता कोनासाठी?"

"खोटं काहून आई? वापरूनच राह्यलो न आपन. ताईनं वापराले देला, आपन वापरला."

शोभाबाईंनी देठ खुडणं थांबवलं. त्यांचे डोळे भरले होते, पण आवाज कोरडाच. "तिनं कपाट नोतं देलं पूजा. तिनं फ्रिज देला होता."

मी मधोमध उभी. बाहेरून टेंपोवाला हॉर्न वाजवत होता. मला खरोखर कळेना, ताई. शोभाबाईंचं ऐकावं तर त्यांच्या मनावरचा भार उतरतो, पण पूजाची साडी उघड्यावर येते. पूजाचं ऐकावं तर तुझा फ्रिज जन्मभर कपाट. आणि तुझं काय ऐकावं, ते तर तू सांगितलंच नाहीस. 'चालू हाय तोवर देऊन टाकजो' म्हणालीस. हा चालू आहे की नाही, हेच ठरेना. प्लग लावला तर चालतो. न लावता त्याहून चांगला चालतो आहे.

शेवटी मी खाली बसले आणि चादरीवरची एक साडी उचलून कप्प्यात ठेवली. विचार करून नाही ठेवली. हाताशी होती म्हणून ठेवली. मग दुसरी ठेवली. पूजा माझ्याकडं बघत राहिली आणि मग तीही ठेवू लागली. वह्या ठेवल्या, बांगड्या ठेवल्या. कागदांची पिशवी शोभाबाईंनी बराच वेळ मांडीवर धरून ठेवली होती. ती त्यांनी स्वतः उठून वरच्या खणात ठेवली आणि दार लावलं. कोणी काही ठरवलं असं झालंच नाही.

टेंपोवाल्याला मी हात जोडले. तो चिडला, आणि त्याचं बरोबरच होतं.

निघताना पूजा ओट्यापर्यंत आली. "मावशी," ती म्हणाली, "आता तुमी येसान का मंग? पाहाले?"

"नाही," मी म्हटलं. "पाहायले नाही येणार."

तिनं थोडा विचार केला. "मंग या," म्हणाली.

मी आज दुपारी गेले होते. रिकाम्या घरात बसवेना म्हणून गेले. वकिलीण नाही, देणारी नाही, नुसती शालू. लग्नसराई आहे, पुढ्यात मोठी ऑर्डर होती, म्हणून मीही सुई घेऊन बसले. माझे हार वाकडे झाले. पूजानं ते न बोलता खालच्या थरात घातले. शोभाबाईंनी चहा दिला, बशीत ओतून प्यायलो. नातीनं माझ्याकडून मराठीच्या पुस्तकातला एक धडा समजून घेतला. निघताना शोभाबाईंनी ओंजळभर मोगरा ओल्या फडक्यात बांधून दिला आणि सांगितलं, उद्या सकाळपर्यंत राहतो, फडकं तेवढं ओलं ठेवा. तुझा विषय कुणी काढला नाही, ताई. मुद्दाम टाळला असंही नाही. निघालाच नाही.

मग मी पुलावर आले आणि मधोमध मला रडू फुटलं. तुला नेलं त्या दिवशीही इतकं नव्हतं आलं. एक फळवाला गाडी थांबवून विचारू लागला, काय झालं बाई, कोनी काई बोललं का? मी त्याला म्हटलं, नाही हो, उलट सगळे चांगलं बोलले. तो गोंधळून माझ्याकडं बघत उभा राहिला, आणि मी त्याच्याकडं.

तुझी,
शालू